गळा कुणाचा, नाव कुणाचे?

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जपानात नोबुयो ओयामा ही नव्वद वर्षांची बाई वारली. ऑक्टोबर महिन्यात ही वार्ता जाहीर झाली, तेव्हा त्या देशातील म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी हळहळ व्यक्त केली. बाई मंत्री नव्हती, धर्मगुरू नव्हती, कुणा उद्योगपतीची विधवाही नव्हती. ‘डोरेमॉन’ नावाच्या निळ्या यांत्रिक मांजराची जी चित्रमालिका तेथे चालते, तिच्यात १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षे, ती त्या मांजराच्या तोंडून बोलली, एवढाच तिचा पराक्रम. पडद्यावर तिचा चेहरा नव्हता, फक्त गळा होता. पण तो गळा कुणाचा, हे जपानातील लहान पोरही सांगू शकत होते. २००५ साली मांजराचा आवाज बदलावयाचा ठरला, तेव्हा ती बदलीसुद्धा देशभर चर्चेचा विषय झाली.

या बाईच्या चरित्रातील एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. लहानपणी तिचा आवाज मुलीच्या मानाने फार जाडाभरडा होता. शाळेत पोरे हसत, म्हणून ती बोलेनाशी झाली. तिच्या आईने तिला बजावले की, लपवून ठेवशील तर हा आवाज अधिकच निकामी होईल. तो वापरावा लागेल असेच काम धर. मुलीने आईचे ऐकले आणि शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात नाव घातले. ज्या आवाजाची टवाळी झाली, तोच पुढे पोटाचा आधार झाला.

हे आम्ही जपानची आरती ओवाळण्यासाठी सांगत नाही. तेथेही या धंद्याला मान आपसूक मिळालेला नाही. आवाजाच्या नटांना, ज्यांना ते लोक ‘सेइयू’ म्हणतात, १९७३ साली मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरून मोर्चा काढावा लागला होता. ज्या ऑक्टोबरात ओयामाबाईंच्या मृत्यूची बातमी आली, त्याच ऑक्टोबरात त्यांच्या व्यवसायातील नामवंतांनी, आपले आवाज परवानगीवाचून यंत्राला शिकवले जातात याविरुद्ध, जाहीर मोहीम उघडली. परंतु भांडण्यासाठी आधी माणूस दिसावा लागतो. त्यांची नावे लोकांस ठाऊक होती, म्हणून त्यांचे भांडण लोकांस ऐकू गेले.

आता आपल्या घरांकडे वळू. हेच निळे मांजर २००५ पासून आपल्या मुलांशी हिंदीत बोलू लागले. तो आवाज सोनल कौशल या दिल्लीच्या मुलीचा, आणि काम हाती घेतले तेव्हा ती स्वतःच शाळकरी वयाची होती. ‘निंजा हातोरी’ हिंदीत बोलतो तो मेघना एरंडे या मराठी कलावतीच्या गळ्यातून. २०२१ पासून ‘द लीजेंड ऑफ हनुमान’ ही चित्रमालिका घरोघरी पाहिली गेली. देवघरात निरांजन लावून झाल्यावर नातवंडांना मुद्दाम तिच्यासमोर बसवणारे आजोबा आमच्या परिचयाचे आहेत. तिच्यातील रावण आणि निवेदक हे दोन्ही आवाज शरद केळकर यांचे. प्रभू रामचंद्रांचा आवाज संकेत म्हात्रे यांचा. राम मराठी, रावणही मराठी! या चार नावांपैकी किती नावे आमच्या वाचकांना आज हे वाचण्यापूर्वी ठाऊक होती, हे त्यांनी आपापल्या मनाशीच मोजावे.

केळकरांची हकीकत थोडी सविस्तर सांगावीशी वाटते, कारण ते आमच्याच प्रांताचे. ग्वाल्हेरात १९७६ साली जन्मलेला हा मध्यप्रदेशी मराठी माणूस बोलताना अडखळत असे. त्या दोषापायी सुरुवातीस हातची कामे कशी गेली, हे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींतून न लाजता सांगितले आहे. अडखळणाऱ्या माणसाने नट होण्याचे मनात आणावे, आणि पुढे त्याच माणसाच्या आवाजात ‘बाहुबली’चे दोन्ही भाग, २०१५ चा आणि २०१७ चा, अवघ्या हिंदी मुलखाने डोक्यावर घ्यावेत, हा काही केवळ नशिबाचा खेळ नव्हे. त्यामागे शब्द नि शब्द घोटण्याची मेहनत आहे. चेहरा प्रभास यांचा, शब्द भाषांतरकाराचे, आणि श्वास केळकरांचा. डबिंग म्हणजे पोपटपंची असे समजणाऱ्यांनी एकदा दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालीवर नजर ठेवून, दुसऱ्या भाषेतील वाक्य, तितक्याच वेळात, त्याच रागालोभासह म्हणून पाहावे. तेलुगू ओठ जेथे मिटतात तेथे हिंदी शब्दाला ‘प’ किंवा ‘म’ शोधावा लागतो. घशावर ताण देऊन रणगर्जना करावयाची ती समोर सैन्य नसताना, काचेच्या बंद खोलीत, कानाला यंत्र लावून.

केळकर पुढे पडद्यावरही गाजले, २०२० च्या ‘तान्हाजी’त त्यांनी शिवछत्रपतींची भूमिका केली, म्हणून त्यांच्या आवाजाला मागाहून नाव जोडले गेले. ज्यांना असा चेहरा लाभला नाही, त्यांचे काय? आमचा वाद त्यांच्यासाठी आहे.

आणि हा वाद आम्हांला मुंबईच्या कुठल्या स्टुडिओत सुचला नाही. तो सुचला बऱ्हाणपुरात, राजघाटावर. आषाढ शुद्ध सप्तमीस, तापीच्या जयंतीला, घाटाच्या पायऱ्यांवर माणसांची दाटी असते. मराठी, हिंदी, निमाडी, गुजराती असा चौरंगी कोलाहल असतो. अशा एका सायंकाळी आम्ही तेथे गेलो असता कर्ण्यावर तापीमाईची आरती चालू होती. आवाज सर्वांच्या ओळखीचा, एका दिवंगत गायकाचा. आरतीतील मजकूर मात्र अगदी ताजा. ज्या मंडळाने तो लिहवून घेतला त्याच्या अध्यक्षांचे नावही त्यात गुंफलेले. मेलेल्या माणसाने हयात अध्यक्षांचे गुणगान कसे केले, म्हणून आम्ही विचारणा केली. ध्वनिक्षेपकापाशी बसलेला मुलगा अभिमानाने म्हणाला, “काका, मोबाईलवर बनवली. पाच मिनिटे लागली.” आम्ही व्यवस्थापक गृहस्थांना बाजूला घेऊन म्हटले की, ज्याचा गळा वापरलात त्याच्या कुटुंबाला निदान विचारायचे तरी. त्यावर ते शांतपणे उत्तरले, “वकीलसाहेब, देवाच्या कामात गाणाऱ्याचे नाव कशाला हवे? सेवा निनावीच असावी.”

या उत्तराने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो असतो. पण गृहस्थांच्या डोक्यामागेच वीस फुटांचा फलक होता. त्यावर देणगीदारांची नावे होती, छायाचित्रे होती, मंडपवाल्याचा दूरध्वनी क्रमांकसुद्धा होता. निनावी सेवेचे व्रत तेवढे एकट्या गायकाने पाळावयाचे होते!

ही विचारसरणी एका घाटावरची नाही. आमच्या देवस्थानांतून ती मुरलेली आहे, म्हणूनच तिचा समाचार घेणे अवश्य आहे. ‘निनावी सेवा’ हे शब्द ऐकायला फार सात्त्विक वाटतात. पण आमच्या परंपरेत गाणारा खरोखर निनावी होता काय? राजघाटावरून हीच तापी खाली खानदेशात उतरते आणि मेहूणला पोचते, जेथे मुक्ताई इसवी सन १२९७ त गुप्त झाल्या असे परंपरा सांगते. मुक्ताईंचे ताटीचे अभंग आजही घरोघर म्हटले जातात. सातशे वर्षांनंतरही ते मुक्ताईंचे म्हणून ओळखले जातात, कारण रचणारीने आपली मुद्रा त्यांत ठेवली. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण करणारी. तिने आपले नाव गाळले नाही. उलट मी नामदेवाची दासी आहे, एवढी ओळख अभंगागणिक सांगितली. तुकोबांची मुद्रा तर बोलीभाषेतील वाक्प्रचारच होऊन बसली आहे. अहंकार सोडा असे सांगणाऱ्या या मंडळींनी नाव सोडले नाही. कारण नाव हे त्यांच्या लेखी मिरवण्याचे साधन नव्हते, जबाबदारी घेण्याचे होते: हे बोल माझे आहेत, त्यांचा जाब मला विचारा. यंत्राच्या आरतीत नेमकी हीच गोष्ट नाही. तिचा जाब कुणाला विचारावयाचा?

अधिक जवळचे आणि अधिक टोचणारे उदाहरण घेऊ. गोव्याच्या देवालयांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्या कलावंत स्त्रिया गायल्या, त्यांच्या गळ्यावर आमचे उत्सव साजरे झाले, पालख्या निघाल्या, रात्री जागल्या. सभामंडपात फरशी बसवणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरलेले आपण वाचतो. त्या फरशीवर बसून गाणाऱ्या किती जणींची नावे आम्ही सांगू शकतो? ज्यांची सांगू शकतो, त्या देवळाबाहेर पडून मोठ्या झाल्या, म्हणून. मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या येसूबाईंचे नाव आज घेतले जाते ते त्यांचे पुत्र दीनानाथ यांच्यामुळे, आणि १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी स्वतः जे आडनाव धारण केले ते गावदेवतेचे. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर मुंबईस आल्या, कीर्तीच्या शिखरावर पोचल्या. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात सोडली, त्यांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरात बाई वारल्या. सूर्यमालेच्या बाहेर जाणाऱ्या यंत्रावर जिचा गळा धाडणे परक्यांना आवश्यक वाटले, तिच्या आधीच्या दहा पिढ्यांतील गायिकांची नावे आमच्या देवस्थानांच्या वह्यांत शोधू जाणाऱ्याने उपाशीच परतण्याची तयारी ठेवावी.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांनी पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव पुकारीत. तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत हॅनोव्हरला. तेथील कारागिरांना कोणते गाणे कुणाचे हे कळावे म्हणून ही योजना होती. हेतू व्यापारी असला तरी परिणाम असा झाला की, गाण्याला गाणारीचे नाव चिकटून राहिले. पुढे बोलपट आले आणि हे नाव पुसले गेले. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’! कामिनी हे चित्रपटातील पात्र. गळा होता वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा. रेडिओवर गाणे वाजले, श्रोत्यांची पत्रे येऊ लागली की ही गाते तरी कोण, तेव्हा कुठे खरे नाव श्रोत्यांपर्यंत पोचले. पुढे फिल्मफेअरच्या पारितोषिकांत संगीतकाराला बक्षीस आणि गाणाऱ्याला काहीच नाही, असे दिसताच लताबाईंनी त्या समारंभात गाण्याचे नाकारले. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. पार्श्वगायकाने सत्तर वर्षांपूर्वी भांडून जे मिळवले, ते पार्श्वभाषकाला, म्हणजे डबिंग करणाऱ्याला, आजही मिळालेले नाही. तो अद्याप ‘कामिनी’च आहे.

काही जण म्हणतील, आवाज कुणाचा हे कळले की रसभंग होतो. हा आक्षेप नारायण श्रीपाद राजहंस यांना जाऊन सांगावयास हवा होता. ‘एकच प्याला’तील सिंधू हा पुरुष आहे, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते आणि तरीही पदरांची टोके भिजत होती.

आता कायदा. येथे वाचकांनी थोडी सबुरी धरावी, कारण दुखण्याचे मूळ येथेच आहे.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात लेखकाला हक्क होता, संगीतकाराला होता, चित्रपटाच्या निर्मात्याला होता. नटाला किंवा गायकाला काहीही नव्हते. देव आनंद यांच्या प्रकरणात १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, चित्रपटातील नटाचा अभिनय ही या कायद्याच्या अर्थाने ‘कृती’ नव्हे. म्हणजे पटकथेचा कागद ही कृती, आणि त्या कागदात प्राण ओतणारा माणूस कुणीही नव्हे! न्यायालयाचा दोष नव्हता. कायदाच तसा होता. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ बदलले आणि सादरकर्त्यांचे हक्क प्रथमच मान्य झाले. त्यांची मुदत पुढे पन्नास वर्षांची झाली. २०१२ च्या दुरुस्तीने त्यापुढचे पाऊल टाकले: सादरीकरणावर कलम ३८अ खाली विशेष हक्क, व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वशुल्काचा वाटा, आणि कलम ३८ब खाली नैतिक हक्क, म्हणजे सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या कामाची अब्रू घालवणारी मोडतोड रोखण्याचा.

इतके वाचून कुणास वाटेल की, मग झाले तर! पण याच २०१२ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येला, कलम २ (क्यूक्यू) ला, एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, तो सादरकर्ता मानावयाचा नाही. मोडतोड रोखण्याचा एक हक्क तेवढा त्याला राहील. उद्देश समजण्यासारखा आहे. गर्दीच्या दृश्यात उभ्या राहिलेल्या दोनशे माणसांनी प्रत्येकी हक्क सांगू नये, म्हणून ही तरतूद. पण तिची धार पाहा. नाव देणे कुणाच्या हातात? निर्मात्याच्या. नाव न देण्याचा रिवाज कुणी पाडला? निर्मात्यांनीच. आणि नाव न दिल्याचा लाभ कुणास? पुन्हा निर्मात्यासच! स्वतःच्याच चुकीचा फायदा कुणालाही घेता येऊ नये, हे आमच्या शास्त्राचे पहिल्या वर्षीच पढवले जाणारे तत्त्व. येथे ते उलटे टांगलेले आहे. अख्खा चित्रपट आपल्या गळ्यावर तोलून धरणाऱ्या आवाजनटाचे काम ‘किरकोळ’ नसते, तेव्हा दोन अटींपैकी पहिलीच लागू पडत नाही आणि तो सादरकर्ताच ठरतो, असा युक्तिवाद आम्ही कोणत्याही न्यायालयात छातीठोकपणे करू. परंतु दिवसाच्या हिशेबाने मेहनताना घेणाऱ्या कलावंताला तो युक्तिवाद करण्यासाठी वकील उभा करावा लागतो, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या स्टुडिओतले कामही टिकवावे लागते.

ओळखले जाण्याच्या नैतिक हक्कालाही अशीच एक पळवाट आहे. सादरीकरणाच्या वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे भाग पडत असेल, तेथे हा हक्क चालत नाही. जाहिरात वीस सेकंदांची आहे, नाव कुठे घालू, असे जाहिरातवाला म्हणणार. वीस सेकंदांच्या जाहिरातीचे एक वेळ सोडून देऊ. दोन तासांच्या चित्रपटाच्या शेवटी जेथे चहा पुरवणाऱ्याचेही आभार मानलेले दिसतात, तेथे जागेची टंचाई कसली?

या सर्व भानगडीत यंत्र आले. यंत्र तुमची ध्वनिफीत विकत नाही. ते तिच्यावरून तुमची बोलण्याची लकब शिकते आणि तुम्ही कधीही न उच्चारलेले वाक्य तुमच्या आवाजात उच्चारते. नक्कल ध्वनिफितीची नसून माणसाचीच असल्यामुळे स्वामित्वहक्काचा कायदा येथे लंगडा पडतो. मग न्यायालयांनी व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आधार घेतला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रनक्कल रोखली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्याच न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. मंगेशीचे नाव लावणाऱ्या घराण्यातील या गायिकेला वयाची ९२ वर्षे पूर्ण झाल्यावर, माझा गळा माझा आहे, एवढे सांगण्यासाठी दाद मागावी लागली! अमेरिकेत बेट मिडलर या गायिकेने फोर्ड मोटार कंपनीविरुद्ध, आपल्यासारखा आवाज काढणारी बाई जाहिरातीत वापरली म्हणून, असाच न्याय १९८८ साली मिळवला होता. तेथे निदान नक्कल करणारी जिवंत बाई होती, आणि तिला पैसे मिळाले होते.

हे निवाडे स्वागतार्ह आहेत. पण ते कुणासाठी आहेत, हे नीट वाचावे. दिल्ली उच्च न्यायालयाने टायटन कंपनीच्या २०१२ च्या प्रकरणात या हक्काच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत वादी ख्यातनाम असावा आणि जे वापरले त्यावरून तो ओळखू यावा, हे मुख्य. अरिजित ओळखू येतात, आशाबाई पहिल्या ‘आ’काराला ओळखू येतात. ज्याने पंधरा वर्षे एका चित्रमालिकेतील अस्वलाला आवाज दिला त्याला कोण ओळखणार? अस्वलाला ओळखतील! उद्या त्याचाच आवाज यंत्रात घालून त्याला घरी बसवले, तर तो न्यायालयात कोणत्या नावाने उभा राहणार? श्रेयनामावलीत नाव नाही म्हणून सादरकर्ता नव्हे, आणि लोकांस नाव ठाऊक नाही म्हणून ख्यातनाम नव्हे. दोन्ही दरवाजांना एकच कुलूप, आणि किल्ली निर्मात्याच्या खिशात.

मृतांची स्थिती याहून बिकट. सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, हे हक्क माणसाबरोबर संपतात. किशोरकुमार, आमच्या शेजारच्या खांडव्याचे, १९८७ त गेले. २०२५ च्या ‘सैयारा’चे गीत त्यांच्या यंत्रनिर्मित आवाजात लाखोंनी ऐकले आणि वाहवा केली. रीत पाळता येत नाही असे मात्र नव्हे. ए. आर. रहमान यांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील गीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने घडवले, तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. उलट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात न विचारता वापरला गेला, म्हणून त्यांच्या पुत्राला नोटीस धाडावी लागली. बालसुब्रह्मण्यम स्वतः नाणावलेले डबिंग कलावंत होते, तेलुगूत कमल हासन यांच्या तोंडून बोलणारे, हे येथे आठवते.

मराठी आणि कोंकणी तरुणांपैकी जे या धंद्यात आहेत किंवा जाऊ इच्छितात, त्यांस आमचे सांगणे आहे. स्टुडिओत जो एक पानी कागद सहीसाठी पुढे सरकवतात, त्यातील ‘आज ज्ञात असलेल्या व पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे शब्द पाहून हातपाय गाळू नका. कायद्याच्या कलम १८ च्या परंतुकानुसार करार करतेवेळी जो वापर अस्तित्वातच नव्हता, त्याला असे हस्तांतरण लागू पडत नाही, जोवर त्या वापराचा स्पष्ट उल्लेख नसेल. आणि कलम ३९अ ने हेच तत्त्व सादरकर्त्यांनाही लावले आहे. आमच्या मते जुन्या करारांखाली कुणाही कलावंताचा आवाज यंत्राला शिकवता येत नाही. नव्या करारांत हे कलम उघडपणे येऊ लागेल. तेथे लेखणी थांबवून तीन गोष्टी लिहवून घ्या: यंत्राला शिकवणार की नाही, शिकवले तर किती मुदतीसाठी व किती मोबदल्यात, आणि नाव कुठे छापणार. तिसरी गोष्ट सर्वांत आधी मागा, जरी ती फुकटची वाटली तरी.

संसदेने परंतुकातील श्रेयनामावलीची अट काढून टाकावी, ही आमची मागणी आहे. ‘किरकोळ काम’ ही एक अट पुरेशी आहे. पण संसदेची वाट पाहत बसण्याचे देवस्थानांना काही कारण नाही. कुणा विश्वस्त मंडळाला आपल्या क्षेत्राची माहिती सांगणारी ध्वनिफीत करावयाची असते, कुणाला स्तोत्रांचा संच काढावयाचा असतो, कुणाला उत्सवाची दवंडी मोबाईलवर धाडावयाची असते. यंत्राचा आवाज स्वस्त पडतो, हे खरे. पण ते यंत्र कुणाच्या तरी गळ्यावरच शिकले आहे, आणि तो गळा विकत घेतल्याची पावती कुणाजवळच नसते. चोरीचे तूप निरांजनात चालत नाही, असे मानणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. मग चोरीचा आवाज आरतीला कसा चालतो, हे व्यवस्थापकांनी सांगावे.

येत्या भाद्रपदात आमचे अनेक वाचक आपापल्या मंडळांत, देवस्थानांत कारभारी म्हणून बसतील. कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी देणगीदारांच्या यादीखाली एक ओळ मोकळी ठेवण्यास सांगावे. पंचपदी कोण म्हणणार, कीर्तनाला साथ कोण करणार, ध्वनिक्षेपकावर निवेदन कुणाचे, आणि जर ध्वनिफीत असेल तर तिच्यात गळा कुणाचा, ही नावे तेथे लिहावीत. ध्वनिफीत आणून देणाऱ्याला गायकाचे नाव सांगता आले नाही, तर ती परत करावी आणि गावातल्या ज्या मुलीला गाता येते तिला बोलावणे धाडावे, बिदागीसह.